सतरा पानांची हजेरी

हजिरनीस सरांना आयुष्यात एकाच गोष्टीची भीती होती. आपण गेल्यावर आपलं नाव पुकारलं जाईल आणि उत्तर द्यायला कोणी नसेल, ही. मुख्याध्यापिका, शिक्षणाधिकारी, स्वतःचा रक्तदाब, यांतल्या कशालाही ते भ्यायचे नाहीत. वाचून हसू आलं असेल तर हसून घ्या. मीसुद्धा पुष्कळ वर्षं हसले.

मी गणिताची बाई, आडनाव राऊत. वसईतल्या एकाच शाळेत माझी उभी हयात गेली. माहेर आणि सासर दोन्ही बागायतदारांचं. केळी, मोगरा आणि विड्याच्या पानांत वाढलेली बाई मी. भुताखेतांची मला हौस नाही. तिन्हीसांजेला केळीत शिरायला घाबरणाऱ्या घरातल्या सुनांना मीच हात धरून नेत आलेय. तरी आता हे लिहायला बसण्याआधी उठून एकदा दार उघडून पाहिलं. दारात कोणी नव्हतं. बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचा रागही आला.

सर इतिहास शिकवायचे. उंच, सडपातळ, मान किंचित डावीकडे कललेली, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट आणि उकाडा असो की काही असो, मनगटाची बटणं लावलेली. चालायचे ते नेहमी भिंतीच्या कडेने, मधली वाट मोकळी सोडून. मी एकदा विचारलं, सर, मधून कुणाची मिरवणूक जायचीय का? ते शांतपणे म्हणाले, राजवाड्यात मधून एकच माणूस चालतो, आमच्या घराला कडेने चालायचं वळण आहे. घ्या! आमच्या शाळेच्या व्हरांड्यात डब्यांचे वास, चपलांचे ढीग, आणि यांना तो राजवाडा.

पण ते थट्टा करत नसत. डोंगरातलं एक लहानसं संस्थान, नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकून जाईल एवढं. तिथल्या दरबारात सरांच्या घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या हजिरनिशी होती. दसऱ्याच्या दरबारात उभं राहून एकेका मानकऱ्याचं नाव पुकारायचं, तो 'हाजिर' म्हणाला की त्याला हाताने बसायची खूण करायची. बस, एवढंच काम. वर्षातून एकदा. त्या एका दिवसावर घराण्याने सहा पिढ्या ताठ मानेने काढल्या.

हे सगळं वर्गात शिकवताना सरांना चेव यायचा. पुस्तकात राज्याभिषेकाला दोन ओळी असत, सर त्यावर आठवडा घालवत. मोडक्या छत्रीचं छत्र करत, फळा पुसायच्या डस्टरला काठी बांधून मोरचेल, म्हणजे राजावर ढाळायचा मोरपिसांचा कुंचा. छत्र धरणारा वेगळा, अब्दागीर धरणारा वेगळा, हे आमच्या शाळेतून बाहेर पडलेलं प्रत्येक पोर आजही सांगेल. छत्र डोक्यावरच्या उन्हासाठी आणि अब्दागीर बाजूने येणाऱ्या उन्हासाठी. ढगाळ दिवशीसुद्धा अब्दागिऱ्याने ती पंख्यासारखी झालर धरून उभं राहायचंच, कारण ऊन आहे की नाही हे ठरवणं त्याचं काम नव्हे. सरांच्या संस्थानात या दोन घराण्यांचं एवढं वाकडं होतं, की राजाच्या उजव्या खांद्यावर कुणाची सावली पडायची यावरून तीन पिढ्या सोयरीक झाली नाही. पोरं पोट धरून हसत. पिकदाणी धरण्यासाठी माणसं भांडत, हे सांगितलं की वर्गात 'ईईई' व्हायचं. सर थांबत आणि म्हणत, "हसू नका. दरबारात माणूस बसत नाही, जागा बसते." हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणत. आम्ही शिक्षक मंडळी डबा खाताना त्याची नक्कल करायचो.

हजेरी घेण्याच्या बाबतीत मात्र त्यांची नक्कल करायची कुणाची टाप नव्हती. न आलेल्या मुलाच्या नावापुढे सगळे 'अ' लिहितात. सर नुसता बारीक ठिपका देत. 'गैरहजर' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. मुख्याध्यापिका बाईंनी डोक्याला हात लावला, लेखी समज दिली, मग कंटाळून नाद सोडला.

एकदा नववीत एका मुलीने आपल्या मैत्रिणीच्या नावाला खालच्या मानेने 'हजर' म्हटलं. ती मैत्रीण आलीच नव्हती. पोरांचे हे उद्योग आपल्याला काय नवे आहेत? मी असते तर कान पिळला असता आणि पुढचं गणित घातलं असतं. सरांचा चेहरा पांढराफटक पडला. हजेरीपट काखेत मारून ते वर्गातून निघाले ते थेट रिक्षात बसून गिरीजला त्या मैत्रिणीच्या घरी. त्यांचा वर्ग माझ्या गळ्यात. पुढचं मला त्या मुलीच्या आईने चर्चच्या जत्रेत भेटल्यावर सांगितलं. पोरगी तापाने फणफणलेली, डोक्यावर मिठाच्या पाण्याची घडी. सर तिच्या खाटेशी उभे राहिले, हजेरीपट उघडला आणि तिचं नाव पुकारलं. ती कशीबशी 'हजर' म्हणाली. सरांनी हात खाली दाबून तिला बसायची खूण केली. झोपलेल्या पोरीला! मग त्यांनी चहा घेतला, पावाचा तुकडा मोडला आणि जाताना आईला विचारलं, की सकाळपासून घरात कुणी हिला खायला विचारलं का. आई सांगताना गोंधळली होती. म्हणाली, "बाई, खरं सांगते, चार पोरांना वाढलं मी सकाळी. हिचीच बशी काढायची राहिली. असं कधी झालं नव्हतं."

मी म्हटलं, आजारपणात होतं असं. गणिताची बाई दुसरं काय म्हणणार?

दुसरी गोष्ट किल्ल्यातली. आठवीची सहल आम्ही वसईच्या किल्ल्यातच न्यायचो, चालत जाता येतं म्हणून. दुपारची वेळ. छप्पर उडालेल्या त्या मोठ्या चर्चमध्ये मुलांना उभं करून सरांनी हजेरी घेतली. मुलं त्रेचाळीस. मी मागे उभी राहून, सवयीने, उत्तरं मोजत होते. शेवटचं नाव झालं आणि त्यानंतर, कुणाचंही नाव घेतलेलं नसताना, वेदीच्या बाजूने आवाज आला. शब्द मला कळला नाही, मराठी नव्हताच तो. पण हजेरीला उत्तर देतानाचा सूर आपल्याला कळतो की नाही? तो सूर होता. पोरं मागे वळून बघायला लागली. मी डोकी मोजली, त्रेचाळीस. उत्तरं चव्वेचाळीस. कुठल्या तरी कार्ट्याने आवाज काढला असणार किंवा भिंतीवरून आवाज फिरून आला असणार, असं मी मोठ्याने म्हणाले. सरांनी त्या बाजूला वळून, अगदी हळू, हात खाली दाबून बसायची खूण केली. मग म्हणाले, "निघू या. इथे फार दिवसांत कुणी नावं घेतलेली नाहीत."

आमच्या शाळेचे शिपाई भोईर मामा जूचंद्रचे. गावच्या इतर पुष्कळांसारखा त्यांचाही रांगोळीत हात असा, की बघत राहावं. आमच्या चित्रकलेच्या सरांना जाऊन वर्ष झालं होतं, आणि शिक्षकांच्या खोलीत त्यांची खुर्ची कोपऱ्यात तशीच होती. एक दिवस भोईर मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाय, हजिरनीस सर रोज सकाली त्या खुर्चीला बसा म्हनतान. खुर्चीन कोन नाय." मी म्हटलं, मग तुमचं काय जातं, मामा? तर म्हणाले, "माझा काय नाय जात. पन खुर्ची पुसाला गेलो तं गरम लागली."

आता पानांचं सांगते. दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी सर माझ्याकडून विड्याची पानं मागून घेत. मोजून सतरा. आमच्या वाडीतली पानवेल जुनी, पानं मोठी आणि कोवळी. पूजा असेल म्हणून मी कधी विचारलं नाही. सर निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्यांची बायको गेली. त्या दसऱ्याला त्यांचा फोन आला, की बाई, पानं घेऊन यंदा तुम्हीच याल का, घरात दुसरं कोणी नाही.

एव्हरशाईन सिटीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. खाली सोसायटीत गाण्यांचा दणदणाट, जिन्यात झेंडूची तोरणं, लिफ्टमध्ये कुणाची तरी जिलेबीची पिशवी. भोईर मामा माझ्याआधीच पोहोचले होते. त्यांनी हॉलमधलं सामान भिंतीला लावून फरशीवर समोरासमोर दोन ओळींत लहान लहान रांगोळ्या काढल्या होत्या. सरांनी एकेका रांगोळीवर एकेक पान ठेवलं. मग पितळी डबी उघडून सोळा पानांवर सोळा सुपाऱ्या मांडल्या. आपल्याकडे पूजेला बायको नसेल तर तिच्या जागी सुपारी ठेवतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तसंच हे. सतरावं पान रिकामं, कारण ते त्यांचं स्वतःचं आणि ते स्वतः तिथे हजर होते. छत्राची सुपारी आणि अब्दागिराची सुपारी यांच्या पानांत त्यांनी मुद्दाम चार बोटं अंतर ठेवलं. मी हसले. ते नाही हसले.

मग त्यांनी हजेरी घेतली. सर एरवी हळू बोलत, पण तो आवाज त्यांचा नव्हता. बेंबीच्या देठापासून आलेला, लांब, दगडी भिंतींसाठी बनवलेला आवाज. छत्रधरे. अब्दागिरे. मोरचेलवाले. विडेकरी. पिकदाणीवाले. जरीपटकेवाले. नगारजी. प्रत्येक नावानंतर एक श्वास थांबत, मग स्वतःच साध्या आवाजात म्हणत, "आहेत." आणि हात खाली दाबून त्या सुपारीला बसवत. सोळा झाले. मग त्यांनी पुकारलं, "हजिरनीस," आणि स्वतःच उत्तर दिलं, "हाजिर." त्यानंतर त्यांनी दाराकडे पाहिलं, बराच वेळ.

चहा घेताना त्यांनी मला नियम सांगितला. दरबारात गैरहजर असा कुणी नसतोच. मानकरी मेला आणि मागे कुणी उरलं नाही, तर त्याच्या वतीने हजिरनिसाने 'आहेत' म्हणायचं. म्हटलं की त्याची जागा बसते. म्हणायला कोणी नसलं, तर तो दारातच उभा राहतो. आत येता येत नाही, जाताही येत नाही. "पुकारल्याशिवाय कुणी येत नाही बाई, आणि निरोप मिळाल्याशिवाय कुणी जात नाही."

मी म्हटलं, आणि एखादा जिवंत माणूस उशिरा आला तर? सरांनी कप खाली ठेवला.

ती गोष्ट त्यांच्या वडिलांची. संस्थान गेलं तरी वाड्यावर दसऱ्याचा दरबार काही वर्षं भरत होता. एका वर्षी नदीला पाणी आलं म्हणून अब्दागिरे वेळेवर पोहोचला नाही. राजेसाहेब म्हातारे, त्यांना रिकामी जागा बघवायची नाही. सरांच्या वडिलांना दया आली आणि ते 'आहेत' म्हणाले. जिवंत माणसासाठी. संध्याकाळी अब्दागिरे धडधाकट येऊन पोहोचला. पण पंगतीत त्याचं पान मांडायचं राहिलं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. परत जाताना गाडीवानाने सगळ्यांना हाक मारली, त्याला नाही. घरी बायको चार पोरांना वाढायची आणि तो ताटाशी बसून असायचा. लोक त्याच्याशी बोलता बोलता मधेच दुसरीकडे बघायला लागत. तीन महिने त्याने काढले. मग एक दिवस तो डोंगरात निघून गेला आणि तो गेलाय हे घरच्यांच्या आठ दिवसांनी लक्षात आलं. सरांच्या वडिलांनी पुढे मरेपर्यंत रात्रीचं जेवण सोडलं होतं.

"म्हणून मेलेल्यासाठी म्हणायचं. जिवंतासाठी कधीही नाही," सर म्हणाले. गिरीजची तापाने फणफणलेली पोर मला तेव्हा आठवली, आणि तिची ती न काढलेली बशी.

मग त्यांनी तेच विचारलं, जे पुढे दरवर्षी विचारणार होते. "माझ्यानंतर कोण म्हणेल, बाई? मी दारात राहिलो तर राहिलो. पण हे सोळा जण माझ्या भरवशावर आहेत."

सरांना एकच मुलगी, रेवती. माझीच विद्यार्थिनी, गणितात हुशार, बोलायला फटकळ. लहानपणी दर दसऱ्याला तिला त्या ओळींसमोर बसवत. बारा वर्षांची असताना एकदा ती किंचाळत उठली आणि म्हणाली, मी मेलेल्या माणसांची हजेरी घेणार नाही, कधीच नाही. सरांनी त्यानंतर तिला एका शब्दाने विचारलं नाही. तोंडावर मारल्यासारखे गप्प झाले ते झालेच. ती पुण्याला दातांची डॉक्टर झाली, दर महिन्याला यायची, वडिलांचं सगळं करायची, पण दसऱ्याला कधी नाही. मला तिचा राग यायचा. एवढंसं तर काम, म्हातारा माणूस, एक शब्द म्हणायला काय जातं? सरांनी मलाही विचारलं होतं. मी म्हटलं, बघू या सर, अजून खूप वेळ आहे. हा असला वेळकाढूपणा मी आयुष्यात दुसऱ्या कुणाशी केला नाही.

मागच्या वर्षी गणपती झाले आणि सरांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. जीभ हलायची, शब्द उमटत नव्हता. स्टेशनजवळच्या हॉस्पिटलात ते महिनाभर होते. रेवती दवाखाना बंद करून येऊन राहिली. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, की आता दिवस मोजायचे. पण ते दिवस संपत नव्हते. सर पापणी न लवता दाराकडे बघत पडायचे. त्यांच्या डोळ्यांत मी जे पाहिलं ते मला इथे लिहिता येत नाही.

दसऱ्याच्या सकाळी रेवतीचा फोन आला. रडलेला आवाज.

"बाई, बाबा पहाटेपासून दाराकडे बघून मान हलवतायत. एकेकदा. मी मोजलं, सोळा वेळा होतं, मग थांबतात. पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही घरी जाऊन ती नावं पुकाराल का? मी त्यांच्यासमोर फोन धरते."

मी वाडीत गेले, सतरा पानं खुडली आणि रिक्षा केली. भोईर मामा जूचंद्रहून येऊन रांगोळ्या काढायला बसले. मी पितळी डबी उघडली. सोळा सुपाऱ्या मांडल्या. डबीत एक उरली होती. मी सगळ्या पुन्हा मोजल्या. सरांच्या डबीत दरवर्षी सोळाच असत, झटका येण्याच्या आदल्याच दिवशी त्यांनी डबी घासूनपुसून कपाटात ठेवली होती, हे रेवतीनेच मला सांगितलं होतं. मोजणीत हा माणूस कधी चुकला नव्हता. ती सतरावी सुपारी मी मुठीत घट्ट धरली आणि फोन लावला.

पडद्यावर सरांचा चेहरा आला. अर्धा ढिला, अर्धा त्यांचा. कडेला, फोन लांब धरून पलंगाशेजारी उभी असलेली रेवती. मी पहिलं नाव पुकारलं, दरवर्षी ऐकून ती सगळी पाठ झाली होती. रिकाम्या फ्लॅटमध्ये आवाज घुमतो, तसा माझा घुमला आणि माझं मलाच हसू येईलसं वाटलं. "आहेत," मी म्हटलं आणि हाताने बसायची खूण केली. दुसरं, तिसरं. सहा-सात नावं झाली तेव्हा मला कळलं, की आवाज घुमायचा बंद झालाय. लग्नघरात माणसं दाटीने बसली की हॉलमधला आवाज कसा बसतो, तसा बसला होता. खालचा डीजे चालू असणार, पण ऐकू येत नव्हता. भोईर मामा भिंतीला पाठ लावून, पाय जवळ घेऊन बसले होते, कुणाला तरी वाट द्यावी तसे. मी मान वर केली नाही. सोळा झाले.

मग पुकारलं, "हजिरनीस."

पडद्यावर सरांचे ओठ हलले. पुन्हा हलले. 'हा' एवढाच आकार होत होता, आवाज नाही. ते जिवंत होते आणि त्यांना स्वतःला उत्तर देता येत नव्हतं. अशा माणसाचं काय करायचं, हे त्यांच्या सहा पिढ्यांत कुणी सांगितलेलं नव्हतं. मी उत्तर देणार नव्हते. जीव गेला तरी देणार नव्हते. सरांच्या कपाळावर घाम आला होता आणि डोळे दारावर होते. किती वेळ गेला मला माहीत नाही.

आणि रेवती म्हणाली, "आहेत."

स्वच्छ, मोठ्याने. तिला थांब म्हणायला मला अवधी होता, खोटं बोलणार नाही. ती श्वास घेताना मला दिसली, ती काय म्हणणार हे मला कळलं, आणि मी ओरडले नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं. याची लाज वर्षभर वाटते आहे.

सरांनी मान वळवून लेकीकडे पाहिलं. मग त्यांचा डावा हात चादरीवरून उचलला गेला आणि हळू खाली दाबला गेला. बसा. फोन बंद झाला.

भोईर मामा म्हणाले, "बाय, त्या पानावर सुपारी कवा ठेवली?" मी पाहिलं. सतराव्या पानावर सुपारी होती आणि माझी मूठ उघडी होती. मीच ठेवली असणार. दुसरं कोण ठेवणार? खाली डीजे पुन्हा ऐकू यायला लागला होता.

सर संध्याकाळी साडेसहाला गेले.

वर्षभर मी रेवतीला नियमाबद्दल एक अक्षर बोलले नाही. पोरीने प्रेमाने उत्तर दिलं, तिला कशाला आयुष्यभराचा घोर लावायचा? अब्दागिऱ्याची गोष्ट पोटात ठेवली. यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिचाच फोन आला. "बाई, पानं हवीत. अठरा आणा."

सरांच्याच हॉलमध्ये तिने हजेरी घेतली. आवाज तोच, दगडी भिंतींचा. वडिलांच्या नावानंतर एक श्वास थांबली आणि म्हणाली, "आहेत." शेवटी स्वतःचं नाव घेऊन, "हाजिर." मग दाराकडे पाहिलं. भोईर मामांनी डोळे पुसले.

चहा घेताना माझ्याने राहवलं नाही. मी एवढंच म्हणाले, की मागच्या वर्षी तू उत्तर दिलंस ते बरं केलंस, बाकी कसला विचार करू नकोस. रेवतीने कप खाली ठेवला, अगदी सरांसारखा.

"बाई, तुम्हाला काय वाटलं, मला नियम माहीत नाही? अब्दागिऱ्याची गोष्ट सांगून मला जेवू घालायचे हो बाबा. म्हणून तर बारा वर्षांची असताना पळाले मी." तिने पितळी डबीचं झाकण लावलं. "ते थांबले होते. कोणी म्हटल्याशिवाय जाणार नव्हते, आणि म्हणणारं मी एकटीच होते. मी म्हटल्यावर नर्स राउंडला आली. डावीकडच्या पेशंटचं बीपी घेतलं, उजवीकडच्याचं घेतलं आणि पुढे गेली. बाबांकडे पाहिलंच नाही. मी हाक मारली नाही तिला. बाबांचा हात धरून बसले. त्या खोलीत संध्याकाळपर्यंत ते फक्त मला दिसत होते."

फोनच्या पडद्यावर शेवटचे दिसले होते ते सर मला आठवत होते, चादरीवर खाली दाबलेला तो हात. मला वर्षभर वाटत होतं, की ते दारातल्या कुणाला तरी बसायला सांगतायत. दाराकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं. ते लेकीकडे बघत होते, आणि लेक तेव्हा पलंगाशेजारी उभी होती. बसायची खूण तिला होती, त्यांच्या जागेवर. उठले तेव्हा रेवतीने मला जिन्यापर्यंत सोडलं. मी खाली उतरले, भिंतीच्या कडेने.